तिचं सुतक कुणी मोजलं नाही

ठाण्यात नौपाड्यातल्या चाळीत एकत्र वाढलेल्या एका मुलाच्या आणि मुलीच्या कथेबद्दल कुणीतरी म्हटलंय, की तो वारल्यावरही ती प्रेमाचा एक शब्द बोलत नाही, म्हणून कथा अपुरी वाटते. मला हे अजिबात पटत नाही. ती बोलणार कुणापाशी? आपल्याकडे कुणी किती शोक पाळायचा हे नात्यावर ठरतं. घरच्यांना दहा दिवस सुतक, मग तेरावा. लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही तीन दिवस असतात. बालमैत्रिणीला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने ठाण्याहून नेहमीची लोकल पकडली तर कुणाला त्यात वावगं दिसत नाही. कथेत ती नेमकं तेच करते, आणि मला तिथेच भरून आलं.

(पितृपक्षातल्या महालय श्राद्धात आईवडील, काका, मामा, गुरू यांच्याबरोबर मित्राच्या नावानेही पिंड देतात. म्हणजे शास्त्राला मैत्रीचं दुःख ठाऊक होतं, चाळीला नव्हतं.)

तिची माया सगळी कृतीत आहे. त्याच्या आईला कोपिनेश्वराच्या देवळात नेणं, येताना मासुंदा तलावाच्या काठी घटकाभर बसू देणं, आणि दिवाळी पहाटे सगळी तरणी पोरं त्याच काठावर, तलावपाळीवर, जमतात तेव्हा मात्र तिकडे न फिरकणं.

फक्त त्याच्या आईचं शेवटचं "मला सगळं ठाऊक होतं गं" हे वाक्य लेखकाने काढावं. आईने ओळखलंय हे आपल्याला फार आधी कळतं. भाऊबीजेला चाळीतल्या सगळ्या मुली त्याला ओवाळतात, आणि ती माउली हिला मात्र कधीच बोलावत नाही, तिथेच.