सेमाग्लुटाइडचा डोस पुढे ढकलून दारू घेतली तर चालते का?

प्रश्न: वजनासाठी सेमाग्लुटाइड चालू आहे, आठवड्यातून एकदा ०.५ मिग्रॅ. शिवाय मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड. शनिवारी कार्यक्रम आहे. शुक्रवारचं इंजेक्शन रविवारी घेतलं तर दोन पेग घेता येतील का?

उत्तर १: ढकलून काही साधणार नाही. रक्तातलं सेमाग्लुटाइड निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे शनिवारी ते अंगात असणारच. या औषधावर दारूची सरसकट बंदी नाही. पण जठर सावकाश रिकामं होत असल्याने मळमळ बऱ्याच जणांना होते, दारूने ती वाढते. उलट्या लागल्या की अंगातलं पाणी कमी होतं आणि किडनीवर ताण येतो. डोस नुकताच वाढवला असेल तर सध्या दारू नकोच.

उत्तर २: खरी काळजी ग्लिमेपिराइडची आहे. दारू असेपर्यंत लिव्हर नवी साखर नीट बनवत नाही, गोळी मात्र इन्सुलिन सोडायला लावतच राहते, आणि इंजेक्शनमुळे जेवणही जात नाही. साखर मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की सोबतचे लोक ‘चढली आहे’ म्हणून झोपवून ठेवतात. जीवावर बेततं ते इथेच! म्हणून एकाला तरी आधी सांगून ठेवा. झोपण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, ॲम्ब्युलन्स बोलवावी. गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना शनिवारच्या आत विचारा, मनाने बंद करू नका.

उत्तर ३: वजनाच्या इतर औषधांवर असणाऱ्यांनी वरचं वाचून निर्धास्त होऊ नये. नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपिऑनवर दारूने फिट येण्याचा धोका वाढतो. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तरीही. फेंटरमिन-टोपिरामेटवर भोवळ आणि गुंगी वाढते. ऑरलिस्टॅटचं दारूशी थेट वाकडं नाही, पण सोबत तळलेलं खाल्लं तर तेलकट जुलाब होतात.

प्रश्नकर्ता: मग एकच पेग, जेवणाबरोबर?

उत्तर २: ४० टक्क्यांच्या ३० मिलिमध्ये साधारण ९.५ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ६५-७० कॅलरी. डॉक्टर हो म्हणाले तर तेवढाच, पोटात अन्न गेल्यावर, सावकाश. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर तेवढाही नको. वरच्या पोटात सतत तीव्र दुखून कळ पाठीत जात असेल, तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. तडक हॉस्पिटल गाठा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत पुढचं इंजेक्शन घेऊ नका.