पुढच्या आठवड्यात थेरपीचं पहिलं सेशन आहे, तिथे जाऊन नेमकं करायचं काय?

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी. वय ३१, फोंड्यात बँकेत आहे. बरेच महिने झोपेची बोंब, मधेच छातीत धडधडायला लागतं, आणि संध्याकाळी कॅश टॅली झाली तरी मी परत परत मोजत बसते, बाकीचे बॅगा घेऊन दारात उभे. डॉक्टरने ईसीजी, थायरॉइड सगळं बघितलं, नॉर्मल आलं, मग तेच म्हणाले सायकॉलॉजिस्टला भेट. बुधवारी पणजीत पहिलं सेशन आहे.

तर प्रश्न असा की तिथे बोलायचं काय? लहानपणापासून सुरू करायचं का, की त्या विचारतील तेवढंच सांगायचं? आईला सांगितलं तर ती आधी देवळात प्रसाद लावून (म्हणजे देवाचा कौल घेऊन) आली, उजवी पाकळी पडली म्हणून परवानगी मिळाली (हसू नका). दुसरी भीती म्हणजे गोवा केवढासा, त्या बाई नेमक्या माझ्या मावसबहिणीच्या सासरच्या निघायच्या. आणि एचआरने एक ऑनलाइन कोच पण दिलाय, फुकट आहे, मग त्याच्याकडेच जाऊ का? दोघांत फरक काय?

पेडण्याचो पाव

अगो टेन्शन नको घेऊ. पहिलं सेशन बहुतेक चौकशीतच जातं. कधीपासून होतंय, झोप, जेवण, घरात कोण कोण, गोळ्या कुठल्या चालू आहेत, आधी घरात कुणाला असं काही होतं का. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का हेही सरळ विचारतात, दचकू नको, सगळ्यांनाच विचारतात. एखादा फॉर्म पण देतील, पीएचक्यू-९ (डिप्रेशनसाठी) किंवा जीएडी-७ (चिंतेसाठी), गेल्या दोन आठवड्यांत काय काय किती वेळा झालं त्याला शून्य ते तीन मार्क द्यायचे. ती परीक्षा नव्हे, चांगली दिसायला जाऊ नको. आपल्याकडे कुणी कसं काय विचारलं की "बरें आसा" म्हणून मोकळे होतो ना, तिथेही तेच तोंडात येतं, आणि पाऊण-एक तास त्यातच जातो.

लहानपणापासून वगैरे काही नको, कॅश मोजण्याचं सांग. इथे लिहिलंस तसंच सांग.

आणि पाकळीवरून आठवलं, थेरपिस्टकडून कौल मिळत नाही हं. नवऱ्याशी पटत नाही, सोडू का, नोकरी बदलू का, असलं विचारलं की त्या तुलाच उलट प्रश्न करणार. मला सुरुवातीला जाम राग यायचा, पैसे घेता तर सांगा ना काय ते!

निवृत्त मास्तर, काणकोण

पैसे देऊन बोलायचं, हे काही आमच्या डोक्यात शिरत नाही. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, येता जाता सगळे बघतात, पण तो कोण ते किती जणांना माहीत? कांदोळीचा माणूस, जन्म १७५६. पॅरिसला जाऊन त्याने सांगितलं की मोहिनी घालणाऱ्याच्या (हिप्नॉटिझम करणाऱ्याच्या) हातात कसलीही शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. मग बाय, सगळं आपल्याच मनात असेल तर फी त्यांना कशाला?

समुपदेशक, म्हापसा

मास्तर, फारियाचा दाखला तुम्ही माझ्याच बाजूने दिलात :) काम पेशंटच्याच मनात व्हायचं असतं, म्हणून तर त्याला अर्धं काम घरी करावं लागतं.

ताई, मी याच व्यवसायात आहे म्हणून जरा लांबलचक लिहिते. आठवड्याचे १६८ तास, त्यातला एक आमच्यासमोर. बाकीच्या वेळात काय करता त्यावर खूप अवलंबून असतं. सीबीटी पद्धतीने (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) काम करणारी असेल तर गृहपाठ देईल, धडधड झाली की वही काढायची, किती वाजले, काय चाललं होतं, मनात नेमकं कुठलं वाक्य आलं, भीती दहापैकी किती. "खूप भीती वाटली" असं नको, "उद्या ऑडिटमध्ये माझंच नाव येणार" असं अख्खं वाक्य पाहिजे, कारण काम त्या वाक्यावर करायचं असतं. पुढे कदाचित असंही ठरेल की एकदा मोजायचं, ड्रॉवर बंद करायचा आणि जी बेचैनी येईल ती येऊ द्यायची, न मोजता. ऐकायला सोपं वाटतं, करताना घाम फुटतो. काय करायचं ते तुमची थेरपिस्ट तुमच्याशी बोलून ठरवेल, इथे वाचून आपलं आपण सुरू करू नका. गृहपाठ झाला नाही तर सेशन रद्द करू नका, झाला नाही असं सांगा, का झाला नाही त्यातच बरंच कळतं.

काही सेशननंतर घरी जाताना आधीपेक्षा जड वाटतं. तेही सांगा. एखादा प्रश्न खुपला, पटलं नाही, "तुम्ही मला समजून घेत नाही" असं वाटलं, तरी तोंडावर सांगा. अर्धे लोक सांगत नाहीत, गप्प येणं बंद करतात. तीन-चार भेटींनंतरही सूर जुळला नाही तर बदला, आम्हाला वाईट वाटत नाही (थोडं वाटतं).

आता ओळखीचं. हा प्रश्न मला इथे जवळजवळ प्रत्येकजण विचारतो आणि बरोबरच आहे, जत्रेत, लग्नात, मासळी बाजारात कुठेही गाठ पडते. पहिल्याच दिवशी अमुक घराण्याशी नातं आहे का ते विचारा. जवळचं असेल तर तिनेच दुसऱ्याकडे पाठवायला हवं. बाहेर भेटलो तर काय तेही ठरवून घ्या, माझा नियम असा की मी आधी ओळख दाखवत नाही, तुम्ही हसलात तर हसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. अपवाद असतात, जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल तर, ते पण पहिल्याच भेटीत समजून घ्या.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असते, नंबर मागायला लाजू नका. त्या गोळ्या लिहून देत नाहीत, ते सायकियाट्रिस्टचं काम.

वेर्णा_शिफ्टवाला

कोचबद्दल मी सांगतो, आमच्या कंपनीनेही दिला होता. कोच म्हणजे प्रमोशन, टीम सांभाळणं, मीटिंगमध्ये तोंड उघडणं यासाठी. झोप उडालीय, धडधडतंय, हे त्याचं काम नाही, आणि चांगला कोच स्वतःच तसं सांगून थेरपिस्टकडे पाठवतो. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला सरकारी लायसन्स लागत नाही, उद्या मी पण बोर्ड लावू शकतो. आयसीएफ या कोचच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची एसीसी, पीसीसी, एमसीसी अशी सर्टिफिकेट्स असतात, एसीसीला कोचिंगचे १०० तास लागतात, पीसीसीला ५००, तेवढं विचार. मुख्य म्हणजे पैसे कंपनी भरते, तर एचआरला काय काय कळवणार हे आधी लेखी घे. नुसती हजेरी जात असेल तर ठीक, "प्रगतीचा अहवाल" म्हणाले की सावध.

आणि तिथे पण आयतं काही मिळत नाही. काय बदलायचंय ते आपणच घेऊन जायचं. "कॉन्फिडन्स वाढवायचाय" म्हणालो तर त्याने पाच मिनिटं खोदत शेवटी "सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरला डेडलाइन पुढे ढकला म्हणायचं" इथवर आणलं.

साखळीची सून

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. खाजगी झेपत नसेल तर बांबोळीला आयपीएचबी आहे, सरकारी मनोरुग्णालय. ओपीडीत गर्दी असते आणि गावचं कुणीतरी भेटतंच, पण तेही त्याच रांगेत असतं ना! रात्रीबेरात्री फारच घाबरं झालं तर १४४१६, टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास.

आणि किती दिवस चालणार याचा अंदाज पहिल्याच भेटीत विचार. संगात ही संस्था आपल्या गोव्यातलीच, त्यांनी इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या लोकांना साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ सेशन देऊन बघितली, फायदा झाला, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. म्हणजे प्रत्येकालाच वर्षानुवर्षं जावं लागतं असं नाही.

डिचोलीकरीण

सगळ्यांना थँक्यू, मास्तरांना पण. एचआरला विचारलं, कोचकडून हजेरी आणि "थीम" जाते म्हणे, थीम म्हणजे काय ते त्यांनाही सांगता येईना, त्यामुळे ते सध्या राहू दे. मावसबहिणीच्या सासरचं आडनाव मी आत्ताच फोन करून क्लिनिकला विचारलं, रिसेप्शनवाली हसली, म्हणाली हे सगळे विचारतात. बुधवारी हाफ डे टाकलाय, गाडी घेऊन जाऊ का?

वेर्णा_शिफ्टवाला

अजिबात नको, पणजीत पार्किंग शोधण्यात अर्धं सेशन जाईल. बसने जा.