काम करताना मागे काय लावता? (ठेका ऐकला की बोटं चालणाऱ्यांनी सांगा)

मंडळी, मदत हवी आहे.

मी पार्ल्यात राहते, घरूनच मराठी मुद्रितशोधन करते. समोरची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. सकाळी दहाला ब्रेकर सुरू होतो तो एकदम जेवणाच्या सुट्टीलाच थांबतो. खिडक्या लावून, पंखा पाचवर ठेवूनही भागेना, म्हणून हेडफोन घालून काहीबाही लावायला लागले आणि तिथून घोळ सुरू झाला.

आधी अभंग लावले. छान चाललं होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. मग वीजमीटरच्या एका माहितीपुस्तिकेचं प्रूफ परत आलं. त्यात समासात माझ्याच अक्षरात दुरुस्ती होती: 'विठ्ठल पुरवठा खंडित झाल्यास'. संपादकबाईंनी शेजारी फक्त जोडलेले हात काढून पाठवले होते.

तेव्हापासून शब्द बंद. वाचताना आपण मनातल्या मनात उच्चार करतच असतो, त्यात कानावर दुसरे शब्द पडले की सरमिसळ होणारच. न कळणाऱ्या भाषेतली गाणीही लावून पाहिली. तिसऱ्या दिवशी ध्रुवपद पाठ झालं आणि अर्थ ठाऊक नसताना मी ते गुणगुणत होते.

उरलं वाद्यसंगीत, आणि माझी खरी अडचण तिथेच आहे. लहानपणी सात-आठ वर्षं तबला शिकलेय. शिवकुमार शर्मांचा संतूर लावला. आलाप होता तोवर पानं भराभर उलटली. पण तीनतालातली गत सुरू झाली की डावा हात टेबलावर. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) आली की पेन्सिल अधांतरी, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्याशिवाय पुढचा शब्द वाचवत नाही!

बहीण म्हणाली, मोझार्ट लाव, बुद्धी वाढते. ते ज्या १९९३ च्या प्रयोगावरून पसरलं त्यात ३६ कॉलेज विद्यार्थी होते. घडी घातलेला कागद कापून उलगडला तर कसा दिसेल, असल्या कोड्यांत थोडा फायदा दिसला, तोही पंधरा मिनिटांत ओसरला. माझी पुस्तकं तीनशे पानांची असतात.

व्हाइट नॉइज म्हणजे जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्यावर यायचा तो आवाज, दहा मिनिटांत डोकं उठलं. ब्राउन नॉइज त्यापेक्षा बरा. (हा ब्राउन तपकिरी नव्हे, ब्राउनियन गतीवाले रॉबर्ट ब्राउन.) त्यात खर्ज जास्त, लांबून धबधबा ऐकू यावा तसा. ब्रेकर बराचसा त्यात बुडतो, पण तासाभराने मीही पेंगते.

तर शब्द नाहीत, ठेका नाही आणि झोपही येणार नाही, असं काय लावू? आवाज वाढव, हा सल्ला कृपया नको. आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ८० डेसिबलच्या आत राहा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मला हे कान अजून बरीच वर्षं वापरायचे आहेत.

प्रतिसाद १
ताई, रुद्रवीणा ऐका. झिया मोहिउद्दीन डागर यांचं वादन शोधा, पनवेलजवळ पळस्प्याला ज्यांनी गुरुकुल उभारलं तेच. धृपद अंगाचा आलाप, अगदी संथ, पखवाज येतो तो शेवटी. जोड सुरू झाला की मात्र लय जाणवायला लागेल, तेव्हा सरळ मागे न्या.

प्रतिसाद २
नुसता तानपुरा लावा. मोबाइलवर अ‍ॅप मिळतं. सूर काळी एक ठेवा, पंचमात. आणि ब्रेकर चालू असताना प्रूफ हातात घेऊच नका. बिलं, मेल, पानांचे क्रमांक तपासणं असली कामं तेव्हा उरका.

प्रतिसाद ३
आमच्याकडे मिक्सर, कुकर आणि सासूबाईंची मालिका हेच पार्श्वसंगीत. वाचतेय.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. वीणा लागू पडली, कालची सूची आणि तळटिपा तिच्यावरच झाल्या. क्रमांक तपासायचं काम सकाळी टाकलंय, तेही जमतंय. तानपुऱ्याने मात्र घात केला. दुसऱ्याच मिनिटाला माळ्यावरचा तबला उतरवून काळी एकला लावावासा वाटला. नवऱ्याने हातोडी लपवून ठेवली आहे.