आबांच्या खोलीत जाण्याआधी गुळणी करायला लावली, त्यात माझं काय चुकलं?

चोपड्याची सून

मंडळी, जरा मोठं लिहितेय. घरात दिवाळीपासून यावरून अबोला आहे.

माझे सासरे, आबा, वय ७४. तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधल्या. आता फुप्फुसांचा जुना आजार आहे, दिवसातून दोनदा पंप घ्यावा लागतो. मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलाने शाळेतून सर्दी आणली. त्याची तीन दिवसांत बरी झाली, आबा मात्र अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. ते दिवस मी विसरू शकत नाही.

म्हणून यंदा नणंद, जावई, मुलं सगळी आली तेव्हा मोरीपाशी माउथवॉशची बाटली ठेवली. आबांकडे जायचं तर हात धुवा आणि अर्धा मिनिट गुळणी करा, एवढंच. दोन दिवस सगळ्यांनी केलं. भाऊबीजेला नणंदबाई बाटलीकडे बघून म्हणाल्या, “मनं तोंड काय गटार शे का?” आणि आबांना दारातूनच हाक मारून स्टँडवर निघून गेल्या.

विषाणू लाळेत असतो आणि बोलता-हसताना तीच लाळ बारीक थेंबांतून उडते. करोना आणि फ्लूच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं. साबणाने ते फुटतं, तसं माउथवॉशमधल्या काही औषधांनीही फुटतं. दाताच्या दवाखान्यात खुर्चीत बसवताना गुळणी करायला सांगतात, तेव्हा कुणाला राग येत नाही. मग घरात का यावा?

धुळ्याचा दंतवैद्य

ताई, तुमची तळमळ कळते, पण माझ्या खुर्चीचा दाखला इथे लागू पडत नाही.

आम्ही गुळणी करायला लावतो ती मशीनच्या फवाऱ्यामुळे. पेशंटचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं आणि फवाऱ्यात त्याची लाळ उडते. लाळेतले जंतू तेवढा वेळ कमी झाले तरी माझं काम भागतं. तुमच्या नणंदबाई मात्र वडिलांजवळ दोन तास गप्पा मारणार. माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. करोनाचा विषाणू तर लाळेच्या ग्रंथींनाच लागतो, हे २०२१ साली दिसून आलं. म्हणजे तोंड धुतलं तरी आतून पुन्हा भरत राहणार. नाक तर तसंच राहिलं. आणि श्वासातून जे अगदी बारीक कण बाहेर पडतात ते फुप्फुसांतून येतात, तिथवर गुळणी जात नाही.

दुसरं, मुलं शाळेतून जी सर्दी आणतात तिच्यामागे फार वेळा राइनोव्हायरस असतो. त्याला चरबीचं आवरण नसतंच. म्हणजे ज्या सर्दीने आबा आजारी पडले, तिच्यावर तुमची बाटली चालली असती असं मला वाटत नाही.

गुळणी केली म्हणजे आता चालतं, असं समजून नाक गळत असतानाही लोक आजारी माणसापाशी जाऊन बसतात. करोनात हे मी फार पाहिलं.

भुसावळकर

डॉक्टरसाहेब, एकदम मोडीत काढू नका. जपानमध्ये बाहेरून आलं की गुळणी करायची जुनी सवय आहे. तिथे ३८७ निरोगी माणसांचे तीन गट करून ६० दिवस पाहिलं होतं, २००५ साली ते छापून आलं. एक गट साध्या पाण्याने गुळण्या करणारा, दुसरा आयोडीनच्या औषधाने, तिसरा नेहमीसारखा राहणारा. साध्या पाण्याच्या गटात सर्दी-घशाचे आजार ३६ टक्के कमी आढळले. आमच्याकडे नळाला आठवड्याने पाणी येतं, तरी तांब्याभर पाणी कुणालाही परवडतं.

धुळ्याचा दंतवैद्य

तोच अभ्यास पूर्ण सांगा ना दादा. आयोडीनवाल्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिवाय तिथे पाहिलं ते गुळणी करणाऱ्याला स्वतःला सर्दी होते का. त्याच्यापासून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला होते का, हे पाहिलंच नव्हतं. ताईंचा प्रश्न तो आहे.

जपानचंच दुसरं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२० मध्ये ओसाकाच्या राज्यपालांनी ४१ रुग्णांवरून आयोडीनच्या गुळण्यांचं कौतुक केलं आणि दुकानांतला माल लगोलग संपला. लाळेच्या तपासणीत विषाणू कमी दिसणं वेगळं आणि दुसऱ्याला लागण न होणं वेगळं.

अमळनेरचा मेडिकलवाला

बाटली कोणती आणली ते ताईंनी सांगितलं नाही. गिऱ्हाईक “तोंड धुवायचं औषध द्या” म्हणतं, पण मागची बारीक अक्षरं वाचत नाही. क्लोरहेक्झिडीन असेल तर रोज महिनाभर वापरू नका, दातांवर तपकिरी थर चढतो आणि तोंडाची चव जाते. आयोडीनवालं असेल आणि घरात कुणाला थायरॉइड असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती कुठलीच बाटली देऊ नका, ती गिळतात. सेटिलपिरिडिनियम लिहिलेलं असेल तर त्यातल्या त्यात बरं, प्रयोगशाळेत करोनाच्या विषाणूवर त्याचा परिणाम दिसलाय. पण धंदा माझा असूनही सांगतो, पाहुण्यांसाठी म्हणून हे पैसे घालवू नका.

रावेरचे नाना

सूनबाई, मला औषधातलं कळत नाही. लेक वर्षातून दोनदा माहेरी येते. बापाला भेटायच्या आधी तिला मोरीकडे बोट दाखवलं तर तिला लागणारच. तुझा हेतू चांगला होता, पण बाटली ठेवण्याआधी तिला फोन केला असतास तर ती रुसली नसती.

आणि आबा झोपतात कुठे? आपली जुनी धाब्याची घरं असतात, भिंत दोन हात जाड आणि उजेडाला वर एवढंसं सवणं. थंडीत दारही लावून घेतात. त्यात दहा माणसं कोंडून बसली तर गुळणी काय करील? माझ्या मोठ्या भावाला दमा होता. आम्ही त्यांची खाट सकाळी दहाला अंगणात उन्हात काढायचो आणि सगळा गोतावळा तिथेच बसायचा.

चोपड्याची सून

नाना, खोली तशीच आहे, एक झरोका आणि दार. माझं लक्ष सगळं तोंडावर होतं, हवेचा विचार मी केलाच नाही. उद्यापासून खाट ओट्यावर. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने आबांपाशी जायचं नाही, मग तो माझा मुलगा असला तरी. आणि अगदी जावंच लागलं तर मास्क.

पण डॉक्टरसाहेब, गुळणी मी बंद करणार नाही. नाक राहतं हे मान्य, थोडाच वेळ टिकते हेही मान्य. फ्लू किंवा करोना असेल तर पहिली दहा मिनिटं तरी आबांसमोर कमी विषाणू उडेल, एवढंही मला पुरेसं आहे. अकरा दिवस त्यांच्या उशाशी मी बसले होते. बाटली संपली की मीठ-पाणी ठेवीन.

धुळ्याचा दंतवैद्य

पहिल्या दहा मिनिटांचाही भरवसा मी देणार नाही. पण खाट बाहेर काढताय, सर्दीवाल्याला आत सोडणार नाही, मग गुळणीवरून भांडत नाही. आबांना फ्लूची लस दिली का? या आजारात ती दरवर्षी लागते. न्यूमोनियाची वेगळी असते.

चोपड्याची सून

न्यूमोनियाची दवाखान्यातून सोडताना दिली होती. फ्लूची राहिली, कुणी सांगितलंच नाही. सोमवारी घेऊन जाते. नणंदबाईंना आत्ताच फोन केला, उचलला नाही. रात्री पुन्हा करते.