मदत हवी आहे: मामांचा व्हॉल्व्हचा अँप खरंच गोड वाजतो, की मलाच तसं वाटतंय?

तबकडी

मामांनी सत्तरच्या दशकात स्वतः जोडलेला स्टीरिओ अँप्लिफायर त्यांच्या पश्चात माझ्याकडे आलाय. चॅनलला दोन ईएल ८४ (आउटपुटचे व्हॉल्व्ह, म्हणजे आत तार लाल होणाऱ्या काचेच्या नळ्या), त्यांच्या आधी ईसीसी ८३ (छोटा व्हॉल्व्ह) आणि दोन जडशीळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर. उचलताना पाठ धरते. माझ्याकडे आधीपासून ट्रान्झिस्टरचा अँप आहे, चॅनलला ५० वॉटचा. स्पीकरची जोडी एकच: बुकशेल्फ, ८ ओहम, ८६ डेसिबल. खोली दहा बाय बारा.

ख्यालाची एक जुनी एलपी दोन्हींवर आलटून पालटून ऐकली. मामांच्या अँपवर तानपुरा भरून येतो आणि गळा जवळ येतो. पण डग्गा फुगतो, एका घुमाऱ्यात दुसरा मिसळतो. ट्रान्झिस्टरवर डग्गा आटोपशीर, मात्र तानपुरा मागे सरकतो. कोरडा म्हणवत नाही, पण आहे तसाच काहीसा.

मित्र म्हणतो, "लाल दिवे दिसतात म्हणून गोड वाटतं." तो इंजिनीअर आहे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. पण डोळे मिटूनही मला फरक कळतो.

तर, हा फरक व्हॉल्व्हचाच आहे का? शिवाय मामांचा अँप हल्ली घरघरतो. दुरुस्तीवाला म्हणतो सगळे व्हॉल्व्ह बदला, बारा हजार लागतील. बदलू का?

सोल्डरचा धूर

बारा हजार खिशातच ठेवा. आधी सांगा, टर्नटेबल कुठे लावता? मामांच्या अँपच्या फोनो इनपुटला आणि नव्याच्या फोनो इनपुटला असं असेल, तर तुम्ही दोन फोनो स्टेजची (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागांची) तुलना करताय.

तबकडी

नाही, फोनो प्रीअँप वेगळा आहे. तोच दोन्हीकडे ऑक्सला लावतो. आवाजाची बटणं दोन्हीकडे साधारण मध्यावर.

सोल्डरचा धूर

"साधारण मध्यावर" इथेच घोळ आहे. अर्ध्या डेसिबलचा फरक मोठा आवाज म्हणून जाणवत नाही, तो चांगला आवाज म्हणून जाणवतो. मोबाईलवरून ४०० हर्ट्झचा सूर सोडा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. एकीकडे २ व्होल्ट आले तर दुसरीकडेही तेवढेच आणा, एक टक्क्यापेक्षा जास्त फरक नको. एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलपेक्षाही कमी.

आता डग्ग्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. अशा व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट इम्पीडन्स (अँपचा स्वतःचा आतला अडथळा) सहज एक-दोन ओहम असतो, ट्रान्झिस्टरवाल्याचा बहुतेक वेळा ०.१ च्याही खाली. आणि ८ ओहमचा स्पीकर ८ ओहमचा नसतोच. कुठे ६ असतो, तर खर्जात वूफरच्या रेझोनन्सपाशी (तो ज्या सुराला सहज थरथरतो तिथे) ३० पर्यंत चढतो. दोन ओहममागून वाजवला तर ६ ओहमच्या जागी अडीच डेसिबल जातात, ३० च्या जागी जेमतेम अर्धा. म्हणजे खर्जातला एक पट्टा आपोआप दोन डेसिबल वर आला, शिवाय वूफरच्या शंकूवरचा लगाम सैल झाला. झाला की डग्गा फुगीर! क्रॉसओव्हरच्या (वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटला जातो त्या सुराच्या) आसपासही असाच उंचवटा असतो, गळा जवळ येण्यात त्याचाही हात असू शकेल.

पडताळा स्वस्त आहे. २ ओहम १० वॉटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर आणा, नव्या अँपच्या आणि प्रत्येक स्पीकरच्या मध्ये सिरीजमध्ये लावा, पुन्हा स्पीकरच्या टर्मिनलवर ४०० हर्ट्झला आवाज जुळवा आणि तीच एलपी ऐका.

दोन सूचना. व्हॉल्व्ह अँप स्पीकर काढून चालू ठेवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आत ३०० व्होल्ट खेळत असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतात. उघड्या चासीत हात घालू नका.

जवारी

सोल्डर यांचं डग्ग्याबद्दल पटलं, तानपुऱ्याबद्दल मात्र थोडं वेगळं सांगते. हार्मोनिक म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनांचे सूर. मूळ सूर सा धरला तर दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा सा, तिसरा म्हणजे त्याच्याही वरचा प. अँपने दुसरा हार्मोनिक मिसळला तर तो सुराशी भांडत नाही. तानपुऱ्यात तर तो आधीच आहे, म्हणून "भरला" वाटतो. सातवा मात्र आपल्या कोमल नी पेक्षाही उतरलेला, तो खुपतो.

पण यावरून "व्हॉल्व्ह म्हणजे दुसरा हार्मोनिक" असं समजू नका. तो गुण मुख्यत्वे सिंगल-एंडेड अँपचा, म्हणजे जिथे आउटपुटचं सगळं काम एकटा व्हॉल्व्ह करतो, ३०० बी वगैरे. तुमच्याकडे चॅनलला दोन ईएल ८४ पुश-पुलमध्ये आहेत, म्हणजे जोडीने, उलटसुलट दिशेने काम करतात. तिथे आउटपुट जोडीतले सम हार्मोनिक एकमेकांना बरेचसे मारतात. आणि जो अँप एका सुरात भर घालतो, तो गळा, पेटी आणि तबला एकत्र आले की बेरीज-वजाबाकीचे भलतेच सूरही घालतो. एकट्या तानपुऱ्यावर निकाल देऊ नका, द्रुत लावून बघा.

बाय द वे, १९८५ मध्ये अँप बनवणारे बॉब कार्व्हर यांनी 'स्टीरिओफाइल' मासिकाच्या संपादकांचं आव्हान घेऊन आपल्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये असे बदल केले, की संपादकांना तो त्यांच्या महागड्या व्हॉल्व्ह अँपपासून वेगळा ओळखता येईना. तुमच्या मित्राला सांगू नका, चढून बसेल.

जुनं खोड

घरघरीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आवाजाचं बटण शून्यावर आणल्यावरही १०० हर्ट्झची घरघर येत असेल तर संशय फिल्टरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. ते पन्नास वर्षांत सुकतात. व्हॉल्व्ह बदलून ती जायची नाही. कपलिंग कपॅसिटरही (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणारे) बदला. ते गळायला लागले की ईएल ८४ च्या ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं आणि आतली प्लेट तापून लाल होते. म्हणजे नवे व्हॉल्व्ह घातले असते तर तेही गेले असते. एक बघा, जुन्यांवर बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) लिहिलंय का? बंगळुरूचे असतील तर टाकू नका, तपासून घ्या.

मामांनी ट्रान्सफॉर्मर २२० चा गुंडाळला असेल आणि तुमच्याकडे आता २४० येत असतील, तर हीटरलाही जास्त जातंय. तिथे ६.३ व्होल्टच्या आसपास हवेत. आणि काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटच्या साध्या (तारेच्या, एलईडी नव्हे) बल्बच्या सिरीजमध्ये करायला सांगा.

तबकडी

दोन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, जुनं खोड काका तुमचे विशेष. फिल्टर आणि कपलिंग कपॅसिटर दुसऱ्या एका जाणत्या माणसाकडून बदलून घेतले, खर्च अडीच हजारांच्या आत. व्हॉल्व्ह जुनेच आहेत, चारही ईएल ८४ बीईएलचे निघाले.

मोजल्यावर कळलं की मामांचा अँप जवळपास दीड डेसिबल मोठा वाजत होता. मग आवाज जुळवला, रेझिस्टर लावले, मध्ये चादर टांगली. मुलगी तारा बदलायची (दर वेळी अँप बंद करून, सोल्डरसाहेब) आणि नाणं उडवून ठरवायची. बारापैकी सात वेळा बरोबर ओळखलं. नुसतं नाणंच उडवलं असतं तरी सहा आले असते. रेझिस्टर लावल्यावर नव्या अँपवरही डग्गा अगदी तस्साच फुगला, हे ऐकून मला हसूच आलं. रेझिस्टर काढल्यावर मात्र फरक लगेच कळतो.

पण आवाज खूप वाढवला की वेगळंच होतं. द्रुत तानेत मामांचा अँप जरा आवळल्यासारखा होतो, तरी ओरडत नाही. त्याची ताकद तिथे संपत असणार. तेवढ्या मोठ्याने मी रोज ऐकत नाही, शेजारी आहेत.

मित्राला अजून काही सांगितलेलं नाही.

आता उरलेला प्रश्न: मोठी घरघर गेली, पण टर्नटेबल जोडलं की बारीक गुणगुण येते, खालच्या सुरातली, ५० हर्ट्झची असावी. टर्नटेबलची अर्थची तार प्रीअँपला लावली आहे. प्रीअँप नव्या अँपला जोडला तर काहीच नाही. मामांच्या अँपला तीन पिनांची तार मीच नंतर लावली, पूर्वी दोनच पिना होत्या. सुरक्षेसाठी अर्थ काढायचा नाही हे माहीत आहे. मग शोधायला सुरुवात कुठून करू?