आरोग्य सर्वेक्षणात फक्त कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय विचारून घराचा सामाजिक-आर्थिक वर्ग ठरवायचा का?

सातपुडा_पायथा (धागाकर्ता):
शहादा तालुक्यात आरोग्याचे फॉर्म भरायला जातो. दोन एकर कोरडवाहूवाला 'शेती करतो' म्हणतो, मी 'शेतकरी' लिहितो. रावेरचा केळीबागायतदारही 'शेतकरी'च. दिवाळीनंतर पहिला मुकादमाची उचल घेऊन बायकोसह ऊसतोडीला जातो. ती पहाटे अंधारात फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत चढवते. माझ्या फॉर्मवर मात्र ती 'गृहिणी'! तिची कंबर, अंगातलं कमी रक्त कोणत्या कामाच्या नावावर मांडायचं? प्रत्येक कमावत्या माणसाचं पावसाळ्यातलं आणि दिवाळीनंतरचं, अशी दोन्ही कामं लिहायला हवीत.

गिरणाकाठ:
सहमत नाही. रकाना एक असतो तो तुलनेसाठी. 1911 साली इंग्लंडमध्ये संख्याशास्त्रज्ञ स्टीव्हन्सन यांनी बापाच्या व्यवसायावरून वर्ग पाडले, म्हणून कोणत्या थरात तान्ही मुलं जास्त दगावतात ते आकड्यांत दिसलं. प्रत्येकाची दोन-दोन कामं लिहिलीत तर तक्ता कसा करणार? त्यापेक्षा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखं घर, संडास, पाणी, वाहन पाहून ऐपतीनुसार घरांचे पाच भाग करा. वस्तू डोळ्यांना दिसतात.

सातपुडा_पायथा:
हप्त्यावरची मोटरसायकलही दिसते, हप्ता दिसत नाही. आणि ते पाच भाग अख्ख्या देशाचे. गरीब घरं जास्त असलेल्या तालुक्यात बहुतेक सगळी तळाच्या एक-दोन भागांत जाऊन पडतात, मग त्यांच्यातला फरक कसा कळणार? व्यवसायाच्या गुणांचं तर विचारू नका. गुण देऊन घराचा वर्ग ठरवणारी कुप्पुस्वामींची 1976 ची मोजपट्टी शहरासाठी. तिच्यात शेतकरी, कारकून आणि दुकानदार एका पायरीवर, 5 गुण. अकुशल मजुराला 2. म्हणजे आमचा दोन एकरवाला ऊसतोडीला गेला तरी कागदावर कारकुनाच्या बरोबरीचा. पारीक यांनी 1964 साली खेड्यासाठी केलेल्या मोजपट्टीत निदान जमीन आणि घर तरी वेगळं मोजलं होतं.

कपाशीवाली:
भाऊ, तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. वर्ग म्हणजे घराची ऐपत. काम म्हणजे अंगावर काय येतं ते. जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत काम करणाऱ्यांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त आवळते, हे डॉक्टरही ओळखतात. फवारणीवाल्याला वेगळाच त्रास, केळीचे घड वाहणाऱ्याचे खांदे-मान जातात. फॉर्मवर तिघंही 'मजूर'! ऐपतीसाठी गिरणाकाठ यांचा तक्ता ठेवा, पण कामाचा प्रश्न वेगळा विचारा. तो घरातल्या बाईला विचारा, तिच्या नवऱ्याला तिच्याबद्दल नाही.

गिरणाकाठ:
हे पटतं, पण अर्धंच. फॉर्म लांबला की लोक कंटाळून 'हो-नाही' करतात आणि तीच चूक आकड्यांत शिरते. एकच प्रश्न वाढवा : गेल्या 12 महिन्यांत गावाबाहेर राहून काम केलं का, आणि कोणतं? जनगणनेतही 183 दिवसांची रेघ ओढून मुख्य (तेवढे दिवस काम मिळालेले) आणि सीमांतिक (त्याहून कमी) कामगार वेगळे करतातच. कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

सातपुडा_पायथा:
त्या रेघेने आमची माणसं कळत नाहीत. पाच महिने ऊस, चार महिने शेती, मधे मिळेल ती मजुरी. सगळं मिळून 183 दिवस भरतात, म्हणून ती 'मुख्य' ठरतात, पण त्यातलं कोणतंच एक काम तेवढ्या दिवसांचं नाही. तुमचा एक प्रश्न मला चालेल, पण कामाचं नाव त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, कोड नंतर कार्यालयात टाका. आणि जानेवारीत येऊन 'घर बंद' असा शेरा मारून पुढे जाऊ नका. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला या, तेव्हा तोडीवरून परतलेली माणसं घरी भेटतात.