पुलाखाली असताना फोन मला पुलावर का दाखवतो?

घोडबंदरचा रिक्षावाला:
कासारवडवली ते ठाणे स्टेशन रिक्षा चालवतो. परवा एका आजींना डायलिसिसला नेत होतो. मानपाड्याला पुलाखालून वळायचं होतं, पण फोनने मला उड्डाणपुलावर धरलं आणि वळण सांगितलंच नाही. पार कापूरबावडीहून मागे आलो. आजींची वेळ चुकली, ते मनातून जात नाही. त्यात डेटा संपलेला, तरी निळा ठिपका चालत होता. उपग्रह वरून आपल्याला बघतो ना? मग पूल कसा दिसत नाही?

मोजणीवाला, कळवा:
दादा, उपग्रह बघत नाही. त्याला तुम्ही आहात हेसुद्धा माहीत नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फक्त 'मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत' एवढंच सांगत राहतात. फोन ऐकतो आणि संदेशाला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. म्हणून डेटा लागत नाही. नकाशा तेवढा फोनमध्ये आधीचा साठलेला हवा.

सगळा खेळ घड्याळाचा आहे. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर अंतर ३०० मीटरनी चुकतं. उपग्रहात अणुघड्याळ असतं, फोनमध्ये साधं. म्हणून जागेसाठी तीन आणि फोनच्या घड्याळाची चूक काढायला चौथा, असे निदान चार उपग्रह लागतात.

आता पुलाचं. सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही, त्यामुळे उंची नेहमी जास्त चुकते. त्यात पुलाचा स्लॅब आभाळ झाकतो आणि उंच इमारतींवर आपटून आलेला संदेश उशिरा पोचतो. पूल आणि खालचा रस्ता नकाशात जवळपास एकावर एक. ॲप अंदाजाने एक निवडतं. तुमची चूक नव्हती.

दिवाळे कोळीवाडा:
आमच्या होडीवर जीपीएसचं यंत्र आहे. बाबा किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून जाळ्याची जागा ओळखायचे. धुकं पडलं की दोन्ही गायब. आता जागा यंत्रात नोंदवून ठेवतो. खाडीत आभाळ मोकळं, तुमच्यासारखा घोळ होत नाही. तरी बाबांच्या खुणा मी मुलाला शिकवतोय, बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही.

घोडबंदरचा रिक्षावाला:
मोजणीवाले साहेब, आभारी आहे. आज निघण्याआधीच वळणांची यादी उघडून वाचली. आजी शुक्रवारी पुन्हा येणार आहेत, त्यांना पंधरा मिनिटं आधी घ्यायला जातो.